बाराशे रुपयांचं मीठ: सॉल्ट रूमबद्दल एका दमेकरणीचं मत

सॉल्ट रूम म्हणजे मिठाने सजवलेली बंद खोली. तिथल्या हवेत मिठाचे बारीक कण सोडतात आणि ते श्वासातून घेतले की दमा-सायनसला आराम पडतो असा दावा असतो. आधी व्यवहाराचं. पंचेचाळीस मिनिटांची एक बैठक १२०० रुपयांना, दहा बैठकांचं पॅकेज ९००० ला, आणि सोमवार ते शुक्रवार दुपारी बारा ते चार या पडेल वेळेत ७०० रुपये. मोठ्यांसाठी दोन खोल्या, मुलांसाठी एक. केंद्र नवी मुंबईत आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. आणि ही केंद्रं एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात, त्यामुळे मी लिहिलेलं बरंचसं तुमच्या गावातल्या सॉल्ट रूमलाही लागू पडेल.

पॅकेज लेकीने भेट दिलं. "आई, तू जा तरी, नाही आवडलं तर झोप काढ," असं तिचं म्हणणं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दमा लहानपणापासून आहे, पंप सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आणि पनवेल-उलवे पट्ट्यातल्या बांधकामांच्या धुळीने गेली काही वर्षं त्यात भरच घातली आहे. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून मी त्यांच्या पत्रकातलीच. पत्रकावर दमा, सायनस, घोरणं, सोरायसिस, इसब, ताण आणि निद्रानाश एवढं सगळं एका दमात लिहिलेलं आहे.

खोली दिसायला सुंदर आहे, हे मान्य करते. तीन भिंती गुलाबी मिठाच्या विटांच्या, विटांमागे पिवळे दिवे. जमिनीवर घोट्याएवढं जाड खडेमीठ पसरलेलं. छताला गुहेसारखे ओबडधोबड आकार, निळसर उजेड, कुठून तरी पाण्याचा आणि पाखरांचा आवाज. मागे रेलल्या की पाय वर येतात अशा आठ खुर्च्या, प्रत्येकीवर धुतलेली चादर. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा, पायांत त्यांनी दिलेले कापडी मोजे घालायचे, आणि मग काहीच करायचं नाही. शेवटचा भाग बायकांना जड जातो. पहिल्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात दूधवाल्याचा महिनाही जुळवून टाकला.

आता विटांबद्दल. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की या हिमालयातून येतात, त्यांत ८४ खनिजं आहेत आणि दिव्याच्या उष्णतेने त्यातून निगेटिव्ह आयन बाहेर पडतात. पोरीचा दोष नाही, तिला कुणीतरी पाठ करायला दिलं असणार. बाजारात हिमालयाच्या नावाने विकलं जाणारं गुलाबी मीठ मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातल्या खेवडा खाणीतलं असतं. हिमालयाच्या दक्षिणेला मिठाची डोंगररांग आहे, तिथली ही खाण. आपल्याकडे उपासाला जे सैंधव म्हणून खायचे तेही याच पट्ट्यातून यायचं. २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसली आणि मे २०२५ पासून तिकडून आयात पूर्ण बंद आहे, तेव्हा नवीन भिंत कोणी बांधत असेल तर विटा कुठून आणल्या हे विचारायला हरकत नाही. रंग लोहाच्या अंशामुळे येतो. बाकी ती वीट ९७-९८ टक्के आपलं साधं सोडियम क्लोराइडच. आणि मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मागच्या दिव्याने ती भिंत जेमतेम कोमट होते. त्यातून कुणाच्या छातीत काही जात नाही.

या भिंती शोभेच्या आहेत. जमिनीवरचं खडेमीठही शोभेचंच. उपचार म्हणून जे काही आहे ते भिंतीतल्या एका वीतभर जाळीतून येतं आणि ती जाळी बहुतेकांच्या नजरेलाही पडत नाही. पलीकडच्या खोलीत एक यंत्र असतं, त्याला हॅलोजनरेटर म्हणतात. त्यात औषधी दर्जाचं शुद्ध पांढरं मीठ घालतात, गुलाबी चालत नाही. यंत्र ते दळून एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण करतं आणि पंख्याने खोलीत सोडतं. आकाराला अर्थ आहे. दहा मायक्रॉनच्या वरचे कण नाकात-घशातच अडकतात, पाचच्या खालचे श्वासनलिकांच्या आतल्या फांद्यांपर्यंत पोचू शकतात. म्हणून कुठल्याही सॉल्ट रूममध्ये शिरण्याआधी यंत्र आहे का आणि ते आत्ता चालू आहे का, एवढं विचारा. नुसत्या विटा आणि दिवे लावून पैसे घेणारीही ठिकाणं आहेत.

चालू आहे की नाही हे ओळखायला सोपं आहे. वीस मिनिटांनी ओठ चाटून पाहा, खारट लागले पाहिजेत. चश्मा असेल तर काचेवर पांढुरका पापुद्रा धरतो. जाळीशी कान दिला तर दोन घरं पलीकडे मिक्सर लागल्यासारखी घरघर येते. माझ्या एका बैठकीत ही घरघर मध्येच थांबली. बाकी सगळे गाढ झोपलेले. मी उठून बाहेर जाऊन सांगितलं तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅम, रूममध्ये इफेक्ट असतोच." असतोच म्हणजे काय? कण हवेत कायम राहत नाहीत, खाली बसतात. मी जरा वर्गातल्या आवाजात बोलले तेव्हा त्याने यंत्र उघडलं. आत मीठ ओलं होऊन गोळा झालं होतं. ती बैठक त्यांनी हिशेबात धरली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

मीठ ओलं का झालं, हा प्रश्न आपल्या हवेचा आहे आणि कोकणपट्टीत सॉल्ट रूम काढणाऱ्या प्रत्येकाने तो आधी सोडवायला हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. आपल्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदूळ घालतात तो याचसाठी. आषाढात नवी मुंबईची हवा दिवसच्या दिवस या आकड्याच्या वर असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक छोटा आर्द्रतामापक आहे, तो मी एकदा पर्समध्ये टाकून नेला. दार बंद आणि एसी चालू असताना ५८. दोन बैठकांच्या मधे दार उघडं ठेवून झाडलोट चालली होती तेव्हा ७९. पायाखालचं मीठ त्या दिवशी मोज्यांना चिकटत होतं. कोरड्या मिठाचा उपचार म्हणायचं आणि आर्द्रता ५०-५५ च्या आसपास राखणारं यंत्र बसवायचं नाही, हे बरोबर नाही. हिवाळ्यात जाल तर ही अडचण नाही.

मग मी पेन घेऊन बसले. या उपचाराबद्दलच्या लिखाणात दर घनमीटर हवेत अर्ध्या मिलिग्रॅमपासून दहा मिलिग्रॅमपर्यंत मीठ असे आकडे येतात. आपण त्यांच्या बाजूने सढळ हाताने दहा धरू. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला सात लिटरच्या आसपास हवा आत घेतो. पंचेचाळीस मिनिटांत सवातीनशे लिटरच्या आत, म्हणजे घनमीटरचा तिसरा हिस्सा. त्यात मीठ किती? तीन मिलिग्रॅम. त्यातलं काही उच्छ्वासाबरोबर परतही जातं. चिमूटभर मीठ तीन-चारशे मिलिग्रॅम भरतं, यावरून अंदाज करा. घरी नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रात, तीन मिलिलिटर साधं सलाइन घातलं तरी त्यात २७ मिलिग्रॅम मीठ असतं. त्याचाही मोठा भाग मास्कमध्ये आणि हवेत वाया जातो, ते सोडून दिलं तरी फार तर बरोबरी होते. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात दाट कफ सुटावा म्हणून सात टक्क्यांचं खारं पाणी, चार मिलिलिटर, दिवसातून दोनदा नेब्युलायझरने देतात. एका वेळेला २८० मिलिग्रॅम. ऑस्ट्रेलियात झालेली त्यावरची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, १६४ रुग्ण आणि ४८ आठवडे. मिठाने कफ पातळ होतो ही गोष्ट खोटी नाही. पण तिथे मात्रा आहे, मोजमाप आहे, आणि आजारही वेगळा आहे. तो निकाल उचलून गुलाबी खोलीच्या पत्रकावर चिकटवता येत नाही.

या हिशेबाचा एक फायदा रक्तदाबवाल्यांना. शेजारच्या खुर्चीवरच्या काकू घाबरत होत्या की एवढं मीठ अंगात जाऊन बीपी वाढेल. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, म्हणजे पाच हजार मिलिग्रॅम. त्यात हे तीन. काकू, निवांत पडा. संध्याकाळचा पापड सोडलात तर जास्त फरक पडेल.

दम्याचं मात्र एवढं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दमा आहे की नाही हे ठरवण्यासाठी छातीचे डॉक्टर एक चाचणी करतात, त्यात रुग्णाला मुद्दाम साडेचार टक्के खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून देतात. फुंकर, म्हणजे जोरात फुंकून मोजलेली हवा, १५ टक्के घसरली की चाचणी सकारात्मक. म्हणजे दमेकऱ्याच्या श्वासनलिका मिठाने आवळू शकतात, आणि वैद्यकशास्त्र त्याचा उपयोगच करून घेतं. सॉल्ट रूममधली मात्रा बारीक असल्याने बहुतेकांना काही होत नाही, घशात खवखव होते तेवढीच. मला पहिल्या दिवशी थोडी ठसक लागली आणि गेली. पण पंप लॉकरमध्ये ठेवायला सांगितला तर ऐकू नका. मी हट्टाने मुठीत घेऊन बसते.

आणि इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार. पॅकेज सुरू करताना ज्या बाई "सल्ला" देतात त्या मला म्हणाल्या, "बघा मॅम, दहा सिटिंग झाल्या की पंप हळूहळू सुटतोच." त्या डॉक्टर नाहीत, मी विचारलं. मी म्हटलं, कोणी सोडवायचा? तर म्हणाल्या, "बॉडी स्वतःच सांगते." अहो, दमेकऱ्याची बॉडी रात्री अडीच वाजता सांगते, आणि तेव्हा रिक्षा मिळत नाही. पंपातलं रोजचं स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज धरून ठेवतं. बरं वाटायला लागलं की लोक तेच आधी बंद करतात, कारण "पंपाची सवय लागते" हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. अशा वेळी शंभर दिव्यांच्या उजेडात कोणी गोड बोलून तेच सांगितलं तर ऐकणारा ऐकतोच. पाचपैकी दोन तारे मी निव्वळ या एका वाक्यासाठी कापते. बाकी सगळं माफ केलं असतं.

माझ्यापुरता फरक किती पडला हे सांगायला माझ्याकडे पीक फ्लो मीटर आहे. प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकायचं, काटा सरकतो. औषधाच्या दुकानात पाचशे-सातशेत मिळतो आणि प्रत्येक दमेकऱ्याकडे असावा. आत जाण्याआधी माझा काटा ३६० ते ३८० च्या मधे, बाहेर आल्यावर ३६० ते ३८० च्या मधे. पॅकेज संपत आलं तरी तेच. नाक मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोकळं राहायचं, हे खरं आहे. घरी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतलं की तेवढंच मोकळं राहतं, हेही खरं आहे. त्याला बाराशे रुपये पडत नाहीत.

हे सगळं थोतांड आहे का? तसंही नाही. याची मुळं जुनी आहेत आणि ती वाचताना मला खोलीपेक्षा जास्त मजा आली. पोलंडमध्ये क्राकूफजवळ व्येलिचकाची मिठाची खाण आहे, तेराव्या शतकापासून १९९६ पर्यंत जिच्यातून मीठ काढत होते ती. तिथले डॉक्टर फेलिक्स बोच्कोव्स्की यांनी १८४३ मध्ये खाणीतल्या हवेबद्दल पुस्तक लिहिलं. पुढे १९५८ पासून डॉ. मिएचिस्वाव स्कुलिमोव्स्की यांनी तिथेच दमा-ॲलर्जीच्या रुग्णांवर उपचार सुरू केले. आजही तिथे जमिनीखाली १३५ मीटरवर आरोग्यकेंद्र आहे. पण तिथे काय करतात ते पाहा. डॉक्टर तपासतात, श्वासाचे व्यायाम करून घेतात, हवा बारा महिने थंड आणि स्थिर, परागकण नाहीत, गाड्यांचा धूर नाही. जर्मनीत एन्नेपेटालला क्लुटर्ट नावाची गुहा आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्यांपासून लपायला लोक तिथे जाऊन बसत, आणि त्यांतल्या दमेकऱ्यांना बरं वाटतं हे डॉ. श्पान्नागेल यांच्या लक्षात आलं. ती गुहा चुनखडीची आहे. तिथे मिठाचा खडाही नाही!

मला वाटतं गोम इथे आहे. खाणीत उतरलेल्याला जे मिळतं त्यात स्वच्छ हवेचा वाटा मोठा असणार. ते सोडून आपण फक्त मीठ उचललं, १९८० च्या दशकात सोव्हिएत संघात ते दळून फुंकणारं यंत्र निघालं, आणि आता ते सेक्टरातल्या दुकानाच्या गाळ्यात आलं. गाळ्याचं दार उघडलं की बाहेर डंपर.

शास्त्रीय पुरावा विचाराल तर तोही असाच अर्धामुर्धा. भूमिगत गुहा आणि खाणींमधल्या उपचारांचा कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या तपासणारी संस्था) २००१ मध्ये आढावा घेतला, तेव्हा जमेस धरण्याजोग्या तीनच चाचण्या सापडल्या, मिळून १२४ दमेकरी मुलं. त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही असाच निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी यंत्र लावलेल्या सॉल्ट रूममध्येच पन्नासेक मुलांवर छोटी चाचणी केली. सौम्य दमा असलेली मुलं. श्वासनलिकांचा चिडकेपणा थोडा कमी झाला, पण फुंकरीच्या मोजणीत फरक दिसला नाही. माझ्या नळीनेही तेच सांगितलं, म्हणून मला त्या चाचणीबद्दल जरा आपुलकी आहे.

मिठाबद्दल माझं घर काय म्हणतं तेही लिहिलं पाहिजे, कारण मी आगरी आहे, उरण तालुक्यातली. आजीच्या पिढीचं निम्मं आयुष्य मिठागरात गेलं. भरतीचं पाणी कोंड्यांत, म्हणजे उथळ वाफ्यांत, घ्यायचं, उन्हात आटवायचं, वर आलेलं मीठ ओढून बांधावर काढायचं, पाट्यांनी डोक्यावर वाहायचं, आणि पाऊस लागायच्या आत राशी पेंढ्याने शाकारायच्या. सकाळपासून खाऱ्या वाऱ्यात. मीठ अंगाला लागून जर कुणाची त्वचा बरी व्हायची असती तर आमच्या गावच्या बायका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांचे पाय खाराने फुटलेले असायचे, भेगांत मीठ गेलं की रात्री झोप नाही. खोबरेल तेल गरम करून भरायचं हा त्यावरचा उपचार. आजीला खोकला होता तो शेवटपर्यंत होता. लेकीने व्हिडिओ कॉलवर गुलाबी भिंत दाखवली तेव्हा माझ्या आत्यानेच आजीची आठवण काढली. आजी म्हणायची, "मिठान जल्म जेला माजा, खोकला काय जेला नाय." आत्या मला वर म्हणाली, "बाय गो, आमाला आगरान उलटे पैसं देत व्हते."

पुढे सिडको आली, बंदर आलं, जमिनी गेल्या, खाजणं भरली. नवी मुंबईतल्या या सगळ्या सेक्टरांच्या खाली कुठेतरी आमच्यासारख्यांची भातशेती आणि मिठागरं आहेत. तिथेच गाळ्यात मीठ पसरून त्यावर तासाचा दर लावलेला पाहिला की हसू येतं. तो राग नाही. पत्रकावर "प्राचीन मीठ-ज्ञान" असं छापलंय, तेवढं वाचून मात्र कपाळाला आठी पडली. मिठाचं ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांना कोणी विचारलेलं नाही.

त्वचेचा विषय आजीच्या पायांवर संपतो, पण माझ्या धाकट्या जावेसाठी थोडं पुढे लिहिते. तिच्या कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आहेत आणि ती मला विचारून विचारून थकली, "ताई, मी येऊ का?" तिला कोणीतरी मृत समुद्राचं सांगितलेलं. तिथे लोक जातात हे खरं. पण तिथे तीस टक्क्यांहून खारट पाण्यात डुंबतात आणि समुद्रसपाटीच्या चारशेहून जास्त मीटर खाली उन्हात तासन्‌तास पडतात. सोरायसिसवर मोठं काम त्या उन्हातल्या अतिनील किरणांचं असतं, म्हणून तर आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ दवाखान्यातच त्या किरणांची पेटी ठेवतात. निळ्या दिव्याच्या खोलीत चादरीखाली पडून त्यातलं काय मिळणार? ती आली होती एकदा. चट्टे होते तसे राहिले, एका खाजवलेल्या जागी चुरचुरलं. येताना कुठे कापलं-खरचटलं असेल तर झाकून या, आणि बाहेर पडल्यावर हातापायांना तेल किंवा मलम लावा, त्वचा कोरडी पडते.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून इथे लिहिते. ही बंद खोली आहे आणि तिथे येणाऱ्यांपैकी बरेच जण खोकला आहे म्हणूनच येतात. मीठ जंतू मारतं असं पत्रकावर आहे, पण घनमीटरला दहा मिलिग्रॅम मिठाने शेजाऱ्याच्या खोकल्यातला क्षयाचा जंतू मरेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायची, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. इथे प्रवेशाच्या अर्जात तेवढा एक प्रश्न टाकायला काय हरकत आहे? अर्जात माझी राशी विचारली होती. एकदा एक गृहस्थ संपूर्ण बैठकभर खोकत होते. मी ओढणी नाकावर धरून पडले, आणि अशा वेळी दीर्घ श्वास घ्या असं ध्वनिफितीतली बाई सांगत होती. गर्दीच्या वेळी, शनिवार-रविवारी, म्हणूनच जाऊ नका. ताप, चालू असलेला दम्याचा झटका, थुंकीत रक्त, यांतलं काही असेल तर अजिबात नाही.

विश्रांतीबद्दल मात्र मी हात आखडता घेणार नाही. झोप अप्रतिम लागते. मोबाइल नाही, दाराची बेल नाही, उजेड मंद, पाय वर. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमाराला खोलीतून चारी बाजूंनी घोरण्याचे सूर निघू लागतात आणि पाखरांची ध्वनिफीत त्यात हरवून जाते. पत्रकातल्या घोरण्यावरच्या दाव्याचं काय झालं ते कळतं. पण माझ्या वयाच्या बाईला भर दुपारी पाऊण तास कोणी हाक न मारता पडू देणं ही या शहरात मिळत नसलेली वस्तू आहे, आणि ती इथे मिळते. घरी गेल्यावर मी दोन तास कोणावर ओरडत नाही, हे निरीक्षण नवऱ्याचं. यात मिठाचा वाटा किती आणि खुर्चीचा किती, हे तपासायला एक बैठक यंत्र बंद ठेवून करायला हवी होती. ती त्यांनी स्वतःच करून दिली, आणि त्या दिवशीही बाकीच्यांची झोप मोडली नव्हती.

मुलांच्या खोलीत मिठात खेळायला फावडी-बादल्या आहेत. पोरं खूश असतात. दोन वर्षांच्या आसपासची मुलं मीठ तोंडात घालतात, तेव्हा आईने समोर बसावं, काचेबाहेर नाही. दमेकरी मुलाचा पंप आईच्या हातात.

किरकोळ गोष्टी: काळे कपडे घालू नका, पांढरे डाग दिसतात, झटकले की जातात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून जा. आधी पोटभर जेवू नका. पाणी बाहेर आल्यावर प्या, तहान लागतेच. स्वच्छतागृह स्वच्छ, चादरी खरोखर बदललेल्या. रिसेप्शनवरची मुलगी गोड आहे, तिला ८४ खनिजांपैकी दहा तरी सांग म्हटलं तेव्हा ती हसली आणि पुढच्या वेळी मला कोपऱ्यातली, जाळीपासून लांबची खुर्ची दिली. गाडी लावायला जागा नाही, लोकलने जा.

पाचात तीन तारे. पंपाचं ते वाक्य बंद केलं आणि ओल काढणारं यंत्र बसवलं तर पाच देईन. पॅकेजच्या उरलेल्या बैठका मी नणंदेला देणार आहे, तिला झोपेचीच तक्रार आहे. स्वतःच्या पैशाने बाराशे देऊन मी जाणार नाही. दुपारचे सातशे, जानेवारी-फेब्रुवारीतली कोरडी हवा आणि हातात पंप, एवढं जमलं तर अधूनमधून जाईन.